कोरी कड

ज्या वर्षी अक्काच्या धाकट्या दिराने साठीत दुसरं लग्न केलं आणि घरातल्या कुणालाच बोलावलं नाही, त्या वर्षाची ही गोष्ट. लग्न झालं मे महिन्यात. अक्काला कळलं जूनमध्ये, तेही भाजीवाल्याकडून. पुढचे दोन-तीन महिने तिला दुसरा विषय नव्हता. भेटायला आलेल्या माणसाला ती आधी चहा द्यायची आणि कप रिकामा व्हायच्या आत दिराचं पुराण लावायची, म्हणजे माणसाला उठता येत नसे.

अक्काचं घर भिंतीखालच्या ओळीत होतं. नऊ घरं एकाला एक चिकटून, आणि त्यांच्या पाठीशी बावीस फूट उंच दगडी भिंत. भिंतीच्या माथ्यावर रस्ता, रस्त्यावर दिवसभर गाड्या. भिंतीने टेकडीची माती आणि तो रस्ता दोन्ही अडवून धरले होते. घर आणि भिंत यांच्यामध्ये एवढीच बोळ की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे सरावं लागे. अक्काची खाट मागच्या खिडकीशी होती. चौऱ्याहत्तर वय, गुडघे गेलेले; त्यामुळे दिवसातले बरेच तास तिच्या नजरेसमोर तेच दगड असत. ती म्हणायची, बेचाळीस वर्षं तोंडासमोर आहे पण एकदा उलटून बोलली नाही, तुम्हा सगळ्यांपेक्षा बरी.

या भिंतीला अकरा वर्षांपासून भेग होती. भेगेच्या दोन्ही अंगांना पितळी खिळे ठोकून ठेवले होते, खालपासून वरपर्यंत चौदा जोड्या. दर सोमवारी प्रत्येक जोडीतलं अंतर व्हर्नियर या बारीक मापपट्टीने मोजायचं आणि वहीत लिहायचं, हे काम बांधकाम कार्यालयाने अक्काच्या धाकट्या भावाला दिलं होतं. हा भाऊ हाडाचा गवंडी. खांदा निखळल्यावर दगड उचलणं सुटलं, तेव्हा हे मोजायचं काम मिळालं. त्याला सगळे गवंडीमामा म्हणत, कारण अक्काची मुलगी त्याच कार्यालयात होती आणि तिच्या तोंडचं ‘मामा’ साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांनी उचललं होतं.

अक्काच्या या मुलीला घरात बारकी म्हणत. एकतीस वर्षांची, दारातून येताना मान वाकवावी लागेल इतकी उंच, तरी बारकीच. गवंडीमामाला लिहावाचायला हिनेच शिकवलं होतं. तेव्हा तो सत्तेचाळीस वर्षांचा होता आणि ती नऊ. अक्काचा हुकूम होता: माझ्या भावाला सहीपुरतं तरी येऊ दे. बारकीने सहीवर भागवलं नाही. पट्टी घेऊन बसायची आणि मामाचं अक्षर ओळीखाली गेलं की पट्टी टेबलावर आपटायची. मामा पुढे वर्तमानपत्र वाचू लागला, हिशेबाने बोलू लागला, पण एक गोष्ट त्याच्या मनातून गेली नाही. छापलेलं म्हणजे कुणीतरी शहाण्या माणसाने दोनदा तपासलेलं, असं तो धरून चाले. स्वतःच्या हाताने लिहिलेल्यावर त्याचा तेवढा विश्वास नव्हता.

कार्यालयात अशा भिंतींची नाडी पाहायची एक जुनी रीत होती. दर सहा महिन्यांनी वहीतल्या आकड्यांचे आलेख काढायचे, एका जोडीला एक, पातळ कागदावर. साहेबांच्या खोलीत एक काचेचं टेबल होतं, त्याच्या पोटात दिवे. जुन्या सहामाहीचा कागद खाली, नव्याचा वर, शून्यावर शून्य ठेवायचा आणि दिवा लावायचा. नवी रेघ जुनीच्या वर गेली तर भेग उघडतेय, नाही गेली तर झोपलीय. एका सहामाहीत एक मिलिमीटरच्या वर उघडली, तर खालची घरं रिकामी करायची नोटीस काढायची, असा नियम होता. सुटे आकडे बघण्याची पद्धत नव्हती. ऊन-थंडीने एकेक आकडा खालीवर होतो, त्यावरून माणूस उगाच धास्तावतो, रेघ खोटं बोलत नाही, असं साहेबांचं म्हणणं. आणि ते तीस वर्षं खरं ठरलं होतं, कारण तीस वर्षं एकच ड्राफ्ट्समन एकाच आखलेल्या चौकटीत हाताने रेघा काढत आला होता.

ड्राफ्ट्समन निवृत्त झाला आणि त्याच्या जागी बारकी आली, सहा-सहा महिन्यांच्या करारावर. ती हाताने काही काढत नसे. आकडे कॉम्प्युटरला द्यायचे आणि प्रोग्राम लिहून आलेख काढून घ्यायचे. चित्रं काढायची एक लायब्ररी असते, कुणीतरी आधीच लिहून ठेवलेल्या आज्ञांची. त्यातली हवी ती आज्ञा उचलायची. चौदा आलेख चहा निवायच्या आत तयार होत. दोष एकच होता. आलेख कागदाच्या मधोमध लहानसा बसे आणि चहूबाजूंनी पांढरी कोरी जागा पसरलेली असे. डावीकडे चार बोटं, वर तीन, उजवीकडे तीन. साहेबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता. त्या ऑगस्टमध्ये त्यांनी एक कागद डोळ्यांशी नेला, लांब धरला आणि बारकीला म्हणाले की हे पोस्टाचं तिकीट मी कुठे चिकटवू? शिवाय त्यांना या वेळी प्रत्येक आलेखात हवामानाचीही रेघ हवी होती, म्हणजे उष्णतेमुळे काय होतं ते सोबतच दिसेल.

बारकीच्या कराराची मुदत सप्टेंबरअखेर संपत होती. तिने दोन दिवस शोधाशोध केली आणि तिला उपाय सापडला, तोही हसू येईल इतका सोपा. चित्र साठवायच्या आज्ञेत एक जास्तीचा शब्द घालायचा. तो घातला की लायब्ररी स्वतःच बघते चित्रातली शेवटची खूण कुठे आहे, आणि तिच्या बाहेरचं पांढरं सगळं कापून टाकते. उरलेलं चित्र छापताना कागदभर मोठं होतं. तिने नव्या सहामाहीचे चौदा कागद तसे छापले. जुन्यांशी जुळावेत म्हणून जुन्या सहामाहीचेही पुन्हा तसेच छापले. ‘बघ मामा,’ ती म्हणाली, ‘एका शब्दात सगळी कोरी कड साफ.’ मामाने कागद हातात धरला. खरोखर घसघशीत दिसत होता. त्याने मान डोलावली, आणि भाचीचं कौतुक वाटलं ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून खोकला.

त्याला मात्र एक आकडा खुपत होता. नवव्या जोडीचं अंतर फेब्रुवारीअखेर साडेसहा मिलिमीटर होतं आणि ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी त्याने आठ मोजलं होतं. तीन वेळा मोजलं, खिळे पुसून मोजलं, आठच. नववी जोडी अक्काच्या खिडकीच्या रेषेत, जरा वर होती. त्याने हे कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. बोललो तर खरं होईल असं काहीतरी वाटत असावं. आणि शिवाय आकड्यावर जायचं नाही, रेघ बघायची, हा नियम होताच.

साहेबांनी दिवा लावला. एकेक जोडी झाली. नववीचा कागद आला तेव्हा गवंडीमामा टेबलाची कड धरून उभा होता. नवी रेघ आधी जुनीच्या खालून चालली आणि शेवटच्या टोकाला तिच्यावर जाऊन बसली, केसाचाही फरक नाही. बाकी तेरा जोड्यांत नवी रेघ जुनीच्या खालीच होती. साहेब खूश झाले. यंदा उन्हाळा कडक होता, म्हणाले, दगड फुगतो, भेग मिटते. कागदावर ‘स्थिर’ लिहून त्यांनी सही केली. बारकीलाही म्हणाले, आता कसं स्पष्ट दिसतं. कराराचं मी वर कळवतो.

मामाचा जीव भांड्यात पडला. छापलेलं समोर होतं, वर सही होती. आपलीच नजर चुकली असणार. संध्याकाळी तो अक्काकडे गेला आणि भिंत झोपलीय म्हणून सांगितलं. अक्का म्हणाली, ती कधी जागी होती? तूच दर सोमवारी तिला टोचून उठवतोस. मग तिने दिराचं काढलं.

घरी आल्यावर त्याला झोप लागली, पण सकाळी चूळ भरताना एक गोष्ट डोक्यात आली ती जाईना. बाकी तेरा जोड्यांपाशी भेग मिटली कशी? त्याने पन्नास वर्षं दगडात काढली होती. भेग वाढते, थांबते, बुजवली तर झाकली जाते. कागदावर बोटभर फरक दिसेल एवढी मिटलेली भेग त्याने बघितली नव्हती. त्याने वही उघडली. तिसरी जोडी: फेब्रुवारीअखेर चार, ऑगस्टअखेर चार. पाचवी: तीन आणि तीन. सातवीही जिथली तिथे. आकडे हलले नव्हते आणि कागदावर रेघा खाली आल्या होत्या. एक नजर चुकेल. तेरा वेळा एकाच बाजूला चुकेल?

कार्यालय उघडायच्या वेळी तो बारकीच्या टेबलाशी हजर होता. तिसऱ्या जोडीचे दोन्ही कागद मागून घेतले आणि खिडकीच्या काचेवर धरले. साहेबांसारखं शून्यावर शून्य ठेवलं. खाली जुळलं. मग त्याने नजर वर नेली. नवी भिंत तपासताना गवंडी ओळंबा पायाशी जुळला म्हणून उठत नाही, तो माथ्यालाही बघतो. ही सवय हाताला होती, कागदाला ती लावायचं आजवर सुचलं नव्हतं एवढंच. आलेखाच्या डाव्या काठीवर शून्यापासून बारापर्यंत आकडे होते. नव्या कागदावरचा बारा जुन्या कागदावरच्या दहाच्याही किंचित खाली येत होता.

‘बारके,’ तो म्हणाला, ‘तुझी पट्टी आण.’

तिने पट्टी आणली. जुन्या कागदावर शून्य ते बारा सोळा सेंटिमीटर भरले. नव्यावर तेरा.

तिला समजायला मामाच्या मानाने फारच कमी वेळ लागला. ती खुर्चीवर बसली आणि तोंडातल्या तोंडात एकेक पायरी बोलत गेली. हवामानाची रेघ फक्त नव्या आलेखात घातली, जुन्यात ती नव्हती. कोणती रेघ कशाची हे सांगणारी चौकट आलेखाच्या बाहेर, उजव्या अंगाला ठेवली. पांढरं कापणारा शब्द त्या चौकटीपर्यंतची जागा राखून कापत होता, म्हणजे नवं चित्र जुन्यापेक्षा रुंद निघालं. रुंद चित्र कागदाच्या रुंदीत बसवायला छापताना ते सगळं आवळलं गेलं, उंचीसुद्धा. आधी चहूकडची पांढरी जागा प्रत्येक कागदावर सारखी होती, म्हणून आलेखही सारखे बसत होते. तीच कापली. प्रत्येक चित्र आपापल्या मापाने कापलं गेलं.

‘म्हणजे ते पांढरं रिकामं नव्हतं,’ मामा म्हणाला. ‘परांची बांधून तिच्यावर उभं राहून काम करतो ना, तसं होतं.’

बारकीने नववीचे कागद पुढे ओढले. मग हळूच म्हणाली, ‘मामा, नववी.’

‘साडेसहाची आठ झालीय.’

‘तुला माहीत होतं?’

‘मी मोजली होती. मग तुझा कागद बघितला आणि मलाच वाटलं, मी चुकलो.’

तिने प्रोग्राम उघडला. तो जास्तीचा शब्द खोडला. चित्राचा आकार मोठा धरला आणि चारही बाजूंचे समास आकड्यांनी बांधून दिले, सगळ्या आलेखांना एकच माप, मग उजवीकडे चौकट असो वा नसो. असंही करता आलं असतं आधी, पण तो शब्द हाताशी आला आणि काम झालं. नववीचे दोन कागद पुन्हा छापून निघाले. काचेवर धरले. शून्यावर शून्य, बारावर बारा. नवी रेघ मे महिन्यापासून जुनीला सोडून वर निघाली होती आणि शेवटी दीड मिलिमीटर वर जाऊन थांबली होती. मग तिसरी, पाचवी, सातवीही छापून बघितली; त्या जिथल्या तिथे होत्या.

आता गोष्ट अशी की साहेबांची सही झाली होती. कागद कपाटात जाणार होता. पुढचे सहा महिने ते कपाट कुणी उघडणार नव्हतं. बारकीचा करार वाढत होता, अक्का खाटेवर होती, आणि भिंत अकरा वर्षं भेगेसकट उभी होती. यातलं एकही वाक्य बारकी बोलली नाही. ती एवढंच म्हणाली, ‘आई जिना चढू शकत नाही, मामा. तळमजल्याची खोली या गावात कुणी देत नाही आपल्या भाड्यात.’

‘ठाऊक आहे.’

‘ती म्हणते, मी इथेच डोळे मिटणार.’

‘ते मीही ऐकलंय. तू जन्मायच्या आधीपासून ऐकतोय.’ त्याने पट्टी तिच्याकडे सरकवली. ‘माप माझं आहे, बारके. मी आठ मोजलंय. साडेसहा मोजलं असं मला आता करता येणार नाही.’

दोघं साहेबांच्या खोलीत गेले. बारकीने स्वतःहून सगळं सांगितलं, मामाला मध्ये पडू दिलं नाही. साहेबांनी चुकलेली आणि नवी अशा कागदांच्या दोन्ही जोड्या काचेवर ठेवून दिवा लावला, विझवला, पुन्हा लावला. बराच वेळ ते आपल्या सहीकडे बघत होते. ओरडले नाहीत. शून्यावर शून्य मी ठेवलं, म्हणाले, वर बघायचं मलाही सुचलं नाही. मग त्यांनी मामाला विचारलं, तुमची बहीण त्याच ओळीत राहते ना? मामा हो म्हणाला. साहेबांनी मान खाली घालून नोटिसीचा मजकूर लिहायला घेतला. नऊ घरं, तीस दिवस.

अक्काला सांगायला दोघं एकत्र गेले. तिने आधी चहा दिला. मामाने सांगितलं. किती वाढलीय, तिने विचारलं. दीड मिलिमीटर. म्हणजे केवढं? त्याने खिशातून एक नाणं काढून आडवं धरलं आणि जाडी दाखवली.

‘एवढ्यावरून माणसं घरातून काढतात?’

‘सहा महिन्यांत एवढं, अक्का. आतून पाणी शिरलंय.’

‘काल तर झोपलीय म्हणालास.’

‘कागद चुकला होता.’

‘कुणाचा?’

बारकीने ‘माझा’ म्हटलं. अक्काने लेकीकडे पाहिलं, मग भावाकडे, मग खिडकीतून दगडांकडे. ‘तुला वाचायला शिकवायला लावलं,’ ती भावाला म्हणाली, ‘तिथेच माझं चुकलं. अंगठेबहाद्दर होतास तेव्हा चार वर्षांतून एखादी बातमी आणायचास, तीही बरी असायची.’

 तिने कप गोळा केले. त्या दिवशी तिने दिराचं नाव काढलं नाही.

ओळीतली बाकी माणसं कार्यालयात जाऊन भांडली. मामाला रस्त्यात गाठून बोलली. एकाने विचारलं, तुमचा व्हर्नियर गंजला नाही ना? दुसऱ्याने त्याच्याशी बोलणंच टाकलं, आणि त्या दोघांची चाळीस वर्षांची ओळख होती. तीस दिवसांत नऊ घरं रिकामी झाली. अक्कासाठी खोली मिळाली ती दुसऱ्या मजल्यावर. मी जिना चढणार नाही, ती म्हणाली, न्यायचं असेल तर उचलून न्या. मामाच्या हाताखाली काम केलेले दोन गवंडी आले, तिला खुर्चीत बसवलं आणि दोन्ही मजले चढवले. वाटेत ती त्यांना सांगत होती की दगड यापेक्षा नीट उचलता तुम्ही. वरच्या खोलीच्या खिडकीतून दूरपर्यंत छपरं दिसत, आकाश दिसे. एवढं मोकळं बघायची सवय नाही म्हणून तिने पडदा लावून घ्यायला सांगितलं.

मामा रोज यायचा. तिला खालचा काही निरोप असायचा: मागच्या बोळीतला नळ नीट बंद केलास का, कोनाड्यात सुईदोरा राहिलाय. तो जाऊन बघून यायचा. एकदा तिने विचारलं की आता किती झालीय. साडेआठ, तो म्हणाला.  ती म्हणाली, ‘मोजत राहा. आता थांबलास तर मी उगाच वर आले असं होईल.’

बारकीचा करार वाढला, पण सहा महिन्यांऐवजी तीनच महिन्यांसाठी. साहेबांनी डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं आणि टेबलाशेजारी एक कागद चिकटवला: खाली बघा, वर बघा.

भिंत पडली नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात वरचा रस्ता बंद केला आणि माथ्याकडून दगड काढायला सुरुवात झाली. पडली असती तर लोकांची तोंडं बंद झाली असती. तशी ती जागच्या जागी, एकेक दगड करून उतरली, आणि ओळीतले लोक लांब उभे राहून म्हणत राहिले की अजून शंभर वर्षं हलली नसती. सोळा तारखेला नवव्या जोडीपाशी काम आलं तेव्हा गवंडीमामाने दगडामागे हात घातला. कोपरापर्यंत गेला तरी माती लागली नाही. ओलावा होता आणि पोकळी. त्याने हात बाहेर काढून धोतराला पुसला. बघणाऱ्यांना त्याने काही सांगितलं नाही, आणि अक्काला सांगायचं तो दुसऱ्या दिवसावर ठेवून गेला.

ते सांगायचं राहिलं. अक्का त्याच वर्षी सतरा नोव्हेंबरला, सकाळी दहाच्या सुमारास, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीतच वारली. बारकी कार्यालयात होती. मामा जिन्यात होता.